गालाचं अस्तर, हाताची कातडी

अफगाणिस्तानातल्या स्फोटात जखमी झालेल्या एका अमेरिकी सैनिकावर २६ मार्च २०१८ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात चौदा तास शस्त्रक्रिया चालली. मृत दात्याचं शिश्न, अंडकोशाची पिशवी आणि ओटीपोटाच्या भिंतीचा काही भाग त्याला बसवण्यात आला. वृषण मात्र दात्याचे घेतले नाहीत. घेतले असते, तर पुढे होणारं मूल जैविकदृष्ट्या दात्याचं ठरलं असतं.

जगात अशी प्रत्यारोपणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली आहेत. परका अवयव टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. बातम्या अशा प्रत्यारोपणांच्याच होतात. पण बहुतेक रुग्णांची दुरुस्ती त्यांच्या स्वतःच्या शरीरातूनच होते, आणि त्यातल्या एका शाखेत पुण्याचं नाव जगभर घेतलं जातं.

ती शाखा आक्रसलेल्या मूत्रमार्गाची. अपघात, जंतुसंसर्ग, कॅथेटरची इजा किंवा ‘लायकेन स्क्लेरोसस’ हा त्वचारोग, यांमुळे मूत्रमार्गात व्रण धरतात आणि लघवीची धार बारीक होत जाते. अशा वेळी गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे लावतात. त्याला केस नसतात, ओलाव्याची सवय असते, खाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळे ते नव्या जागी लवकर रुजतं. तोंडातली जखमही भराभर भरते. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी आणि इटलीचे ग्विदो बार्बाली यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवतात, म्हणजे दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा शाबूत राहतो. पूर्ण लांबीचा मार्ग आक्रसला असेल, तरी चीर अंडकोशामागच्या जागेतच घेतात. शिश्नावर व्रण राहत नाही. आपल्याकडे अडचण वेगळीच येते. तंबाखू-गुटख्याने गाल कडक झालेल्या माणसाकडे हे अस्तरच धड उरलेलं नसतं.

शिश्न पूर्ण गेलं असेल, तर काम फार मोठं होतं. सोव्हिएत शल्यविशारद बोगोराझ यांनी १९३६ मध्ये पोटाच्या कातडीची नळी करून ते घडवलं होतं. १९८४ मध्ये चीनच्या चँग आणि ह्वांग यांनी हाताची वाट दाखवली. मनगटाकडच्या भागातली पातळ कातडी तिच्या धमनी, शिरा आणि मज्जातंतूंसह उचलायची आणि नळीत नळी अशी गुंडाळायची: आतली लघवीसाठी, बाहेरची आकारासाठी. मग सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जोडायचे. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून संवेदना यायला महिने लागतात. ताठरतेसाठी कृत्रिम रोपण त्यानंतर. मधल्या काळात लघवी झिरपणं, मार्ग पुन्हा अरुंद होणं हे सर्रास घडतं. हातावरचा मोठा व्रण कायम दिसत राहतो. तो नको असेल तर मांडीची कातडी वापरतात, पण ती जाड असते. हे सगळं रुग्णाला आधीच सांगितलं पाहिजे. एका ऑपरेशनमध्ये सगळं पूर्ववत होईल असं सांगणं ही त्याची फसवणूक आहे.

मधुमेहींना गाठणारं फोर्नियर गँगरीन काही तासांत अंडकोशाची कातडी गिळतं. जीव वाचवायला सडलेला भाग तातडीने काढावा लागतो. वृषणांचा रक्तपुरवठा वेगळा असल्याने ते बहुधा वाचतात. जखम स्वच्छ झाल्यावर त्यांच्यावर मांडीची कातडी लावता येते.

या आजारांत लाजेपायी महिने वाया जातात. कुणी घरी सांगत नाही, कुणी वर्षानुवर्षं मूत्रमार्ग नळीने रुंद करून घेत राहतो आणि दर खेपेला व्रण वाढतो. लघवीची धार बारीक झाली असेल, एकदा केलेला उपाय टिकला नसेल, तर पुनर्रचनेचं काम नियमित करणाऱ्या युरॉलॉजिस्टकडे जा. अशी किती ऑपरेशनं तुम्ही केली आणि त्यातली किती टिकली, हे त्यांना न संकोचता विचारा.