थेट जाणं म्हणजे काय? मोबाइलमधला आवाज आणि नेटिव्ह कोड

मागच्या व्याख्यानात आपण ज्ञान आणि ज्ञानाचं साधन यांच्यातलं नातं पाहिलं. त्यावर एका श्रोत्याने प्रश्न विचारला होता की मोबाइलमध्ये माइक आणि ॲप यांच्यामध्ये इतके थर कशासाठी? ॲपने थेट माइकपर्यंत का जाऊ नये? प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटतो, पण आत शिरलं की तो आपल्या विषयाचाच निघतो. आज त्यावर बोलू.

आधी एक प्रसंग. भामरागड तालुक्यातल्या एका गावात आम्ही एका आजींकडून माडिया बोलीतली धान्यांची आणि कंदांची नावं ध्वनिमुद्रित करत होतो. एका विद्यार्थ्याने त्यासाठी साध्या, जुन्या अँड्रॉइड फोनवर छोटंसं ॲप केलं होतं. परत आल्यावर ऐकलं, तर आवाज मधूनमधून तुटलेला. फोनवरच्या गप्पांमध्ये एवढ्याने काही बिघडत नाही. पण गोंडीत स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर शब्दाचा अर्थ बदलू शकतो. आवाजाचा बारीकसा तुकडा गळला, की दीर्घ स्वर ऱ्हस्व ऐकू येतो आणि शब्दसंग्रहात भलताच शब्द जाऊन बसतो. आजी सांगतात एक, आम्ही लिहितो दुसरं.

विद्यार्थी म्हणाला, "सर, हे जावामुळे होतंय. सगळं सी प्लस प्लसमध्ये लिहितो, म्हणजे थेट माइकपर्यंत जाता येईल."

हे 'थेट' म्हणजे नेमकं काय, ते बघू. अँड्रॉइडवरची ॲप्स बहुधा जावा किंवा कोटलिन या भाषांत लिहितात. त्यांच्याखाली एक कारभारी व्यवस्था असते. वापरून झालेली मेमरी गोळा करणं, चुकीच्या जागी हात घालू न देणं, ही कामं ती करते. नेटिव्ह कोड म्हणजे सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आणि प्रोसेसरच्या भाषेत आधीच उतरवून ठेवलेला भाग. इथे मेमरीचा कारभार लिहिणाऱ्याने स्वतः पाहायचा. अशा कोडसाठी २००९ मध्ये एनडीके हा साधनसंच आला. जावा आणि नेटिव्ह कोड यांच्यामधला पूल म्हणजे जेएनआय.

नेटिव्ह कोडला आवाज-चित्राची दारं मात्र एकेक करून उघडली. अँड्रॉइड २.३ मध्ये ओपनएसएल ईएस आलं, त्यातून आवाज मुद्रित करता आणि ऐकवता येऊ लागला. २०१४ च्या ५.० मध्ये आवाज-चित्राचं आकुंचन आणि उलगडा करणारे कोडेक नेटिव्ह कोडमधून वापरता येऊ लागले. ७.० मध्ये कॅमेरा, आणि २०१७ च्या ८.० मध्ये आवाजासाठी एएऑडिओ. जुन्या-नव्या फोनांतला फरक सांभाळून घेणारी ओबो ही लायब्ररी त्यानंतरची.

आता मुख्य मुद्दा. या दारातून आत गेलं म्हणजे माइकला हात लागला का? नाही. एएऑडिओच्या पलीकडेही फोनची ध्वनिसेवा असते, तिच्याखाली हार्डवेअरचा थर आणि त्याखाली ड्रायव्हर. काही फोनांवर सामायिक मेमरी वापरून एक थर टाळता येतो, पण ती मेमरी देणारी व्यवस्थाच असते. आपल्या न्यायदर्शनाचंही असंच आहे. तिथे प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे इंद्रिय आणि विषय यांच्या संपर्कातून होणारं ज्ञान. म्हणजे ज्याला आपण 'प्रत्यक्ष' म्हणतो, त्यातही इंद्रिय मध्ये आहेच. प्रत्यक्ष म्हणजे मध्ये कोणीच नाही, असं नव्हे. मध्ये कोण आहे आणि तो काय करतो, हे कळणं महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, थेट गेल्याने अधिकार वाढत नाही. नेटिव्ह कोड त्याच ॲपच्या कुंपणात चालतो, कारण हे कुंपण ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने घातलेलं असतं. ध्वनिमुद्रणाची परवानगी आजींसमोरच्या पडद्यावर मागावीच लागते आणि ती मागायची जावाच्या बाजूने.

मग मिळतं काय? वेळेवरचा ताबा. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि फोन एका वेळी १९२ नमुन्यांची जुडी देत असेल, तर प्रत्येक जुडीला ४ मिलिसेकंद मिळतात. गायकाला स्वतःचा आवाज त्याच क्षणी कानात ऐकवायचा असेल, तर या चार मिलिसेकंदांत काम उरकलंच पाहिजे. मधेच मेमरीची साफसफाई सुरू झाली तर आवाज अडखळतो. अशा ठिकाणी नेटिव्ह कोड हवाच.

पण आमची गरज ती होती का? आजींचा आवाज अर्ध्या सेकंदाने उशिरा फाइलमध्ये पोचला, तरी काही बिघडत नव्हतं. तो गळायला नको होता, इतकंच. विद्यार्थ्याने सी प्लस प्लसमध्ये लिहून पाहिलं, तर आवाज आणखीच तुटू लागला! कारण आवाज हातात घेणाऱ्या फंक्शनमध्येच तो फाइल लिहीत होता. फाइल लिहायला कधी किती वेळ लागेल याचा नेम नाही, तोवर पुढच्या जुड्या येऊन वाया जातात. खरा दोष जावाचा नव्हताच. बफर लहान होता आणि घेणं व लिहिणं ही दोन्ही कामं एकाच धाग्यात अडकली होती. पाण्याची धार चालू असताना त्याच माणसाने घागर भरायची आणि घरी नेऊन ओतायची, असं झालं होतं. बफर मोठा केला, लिहायला वेगळा धागा दिला आणि जावामध्येच काम झालं.

नेटिव्ह कोड कामी आला तो दुसरीकडे. ४८,००० नमुन्यांचा, १६ बिटांचा एकमार्गी आवाज मिनिटाला सुमारे ५८ लाख बाइट्स घेतो. नेटवर्क जेमतेम असलेल्या गावातून तो पाठवायचा कसा? ओपस हा २०१२ मध्ये मानक झालेला कोडेक सेकंदाला २४ किलोबिट वापरून तेच मिनिट १ लाख ८० हजार बाइट्समध्ये बसवतो. अँड्रॉइडमध्ये ओपसचा एन्कोडर १० व्या आवृत्तीत आला, आमचा फोन त्याच्या आधीचा. पण ओपसची सी मधली लायब्ररी तयार होती, ती एनडीकेने ॲपमध्ये बसवली. मूळ फाइल मात्र फोनवर जपून ठेवली. आकुंचनात काही तपशील जातोच आणि शब्दांचा निवाडा मुळावरूनच व्हायला हवा.

या मोकळीकीची किंमतही ओळखून असावं. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या सी प्लस प्लसमधल्या मीडिया लायब्ररीत गंभीर दोष उघड झाले. खोडसाळपणे रचलेली व्हिडिओ फाइल नुसत्या संदेशातून आली, तरी फोनमध्ये परका कोड घुसू शकत होता. पुढे ७.० मध्ये मीडियाची कामं अनेक वेगळ्या प्रक्रियांत वाटली गेली आणि प्रत्येकीला गरजेपुरतेच अधिकार दिले गेले. आपलं ॲप बाहेरच्या फाइली नेटिव्ह कोडने उघडत असेल, तर ही जोखीम आपल्याही दारात येते.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. मधला थर गेला, पण तो करत होता ते काम गेलं नाही. तोड किती करायची, हिशेब कसा ठेवायचा, हे ग्रामसभेलाच पाहावं लागलं. थेट जाणं म्हणजे मध्यस्थाचं काम आपल्या अंगावर घेणं.

म्हणून कोणी 'थेट जाऊ' म्हणालं, तर आपण तीन गोष्टी विचारू. मिलिसेकंदांची निकड खरंच आहे का? सी मधली तयार लायब्ररी वापरायची आहे का? आणि मधला थर जे सांभाळत होता, ते सांभाळायची आपली तयारी आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर जावा पुरे. तिसऱ्याचं 'नाही' असेल, तर आधी तयारी करावी.

आम्ही त्या गावी पुन्हा गेलो. आजींनी सगळी नावं पहिल्यापासून सांगितली. परतल्यावर जुनी यादी शेजारी ठेवून ऐकलं आणि चुकीचे शब्द एकेक करून दुरुस्त केले. त्या यादीवर विसंबून कोणी पुस्तक छापलं नव्हतं, हे नशीब.

आज इथेच थांबू.