वाळू सुकविण्याची भट्टी : इंधन कोठे खर्च होते?

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माण हे गाव (सातारा जिल्ह्यातील माण तालुका निराळा) आज सर्वांना परिचित झाले आहे ते हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे. उद्यानाचा तिसरा टप्पा या गावाच्या शिवारात पसरला असून हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गाचा डेपोही येथेच आहे. गावाच्या ईशान्येस चिंचवड, भोसरी व त्यापुढे चाकण हा यंत्रोद्योगाचा पट्टा लागतो. संगणकाचे उद्योग आणि लोखंडाचे ओतकाम यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु माणच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या इमारतींत फरशी चिकटविण्यासाठी पोत्यांतून जे तयार मिश्रण येते, त्यास कोरडी वाळू लागते. आणि भोसरीच्या ओतशाळेत इंजिनाचा भाग ओतण्यासाठी जो गाभा तयार करतात, त्यासही कोरडीच वाळू लागते. ही वाळू सुकविण्याचे काम बहुतेक ठिकाणी भट्टीच्या उष्णतेवर होते. काम साधे आहे, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते, आणि त्यात इंधनाची नासाडी व कामगारांच्या आरोग्याची हानी अशा दोन्ही गोष्टी घडत राहतात.

कोरडी वाळू कशासाठी?

ओतकामाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली व तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पुढे कोल्हापूरने तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या सुट्या भागांत नाव मिळविले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी-चिंचवड परिसरात मोटार उद्योग वाढला आणि त्याच्या पाठोपाठ लहानमोठ्या ओतशाळाही आल्या.

ओतशाळेतील सगळीच वाळू कोरडी असावी लागते असे नाही. बाहेरील साचा पुष्कळदा ओलसर वाळूचाच असतो. तीत बेन्टोनाइट माती व तीन-चार टक्के पाणी मुद्दाम मिसळलेले असते. गाभ्याचे मात्र तसे नाही. पंपाच्या किंवा इंजिनाच्या ठोकळ्यात जी पोकळी हवी असते, तेथे वाळूचा गाभा ठेवावा लागतो आणि त्याच्या चारी बाजूंनी तापलेला रस वाहतो. गाभ्यात पाणी राहिले तर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही आणि ओतीव भागात पोकळ छिद्रे राहतात. शिवाय गाभ्याची वाळू बांधण्यासाठी जी राळ वापरतात, तिच्यातील काही प्रकारांचा पाण्याशी संयोग होऊन वायू सुटतो व गाभा कच्चा राहतो. अशा राळेसाठी वाळूतील ओल ०.२ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. बोरघाटातील ३७ फुटांस एक फूट अशा चढावर रेल्वे इंजिनाची चाके घसरू नयेत, म्हणून त्यांच्यापुढे रुळावर वाळू सोडतात. ती वाळूही आधी सुकवूनच भरावी लागते, कारण ओली वाळू नळीतच अडकून बसते. वाळू सुकविणे हे असे अनेक उद्योगांच्या पडद्यामागे चालणारे काम आहे.

उष्णतेचा हिशेब

यंत्र सुधारावयाचे म्हटले की पहिला विचार येतो तो मोठा बर्नर बसविण्याचा. हा विचार बहुधा चुकीचा ठरतो. ज्योत वाढविण्यापूर्वी उष्णता कोठे जाते याचा हिशेब मांडावा. त्यासाठी शाळेत शिकविले जाणारे पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

एक टन, म्हणजे हजार किलो, ओली वाळू घेऊ. तीत सहा टक्के पाणी असेल तर वाळू ९४० किलो व पाणी ६० किलो झाले. वाळूची विशिष्ट उष्णता सुमारे ०.२ आहे. तेव्हा ३० अंशांवरील वाळू ११० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १५,००० किलोकॅलरी लागतात. पाण्याचे गणित वेगळे आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ७० आणि त्याची वाफ करण्यास ५४०, म्हणजे एकूण ६१० किलोकॅलरी लागतात. ६० किलोंस ३६,६००. दोन्ही मिळून सुमारे ५१,६०० किलोकॅलरी झाल्या. एक लिटर डिझेलपासून सुमारे ८,५०० किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर टनामागे सहा लिटर डिझेल पुरावयास हवे. प्रत्यक्षात बारा लिटर लागत असेल, तर निम्मी उष्णता वाळू व पाणी यांना न मिळता धुराड्यातून, पत्र्यातून आणि फटींतून निघून गेली असे समजावे.

याच हिशेबातून दुसरी एक गोष्ट ध्यानात येते. वजनाने पाणी अवघे सहा टक्के, पण उष्णतेपैकी सत्तर टक्के वाटा तेच घेते. म्हणून भट्टीची खरी सुधारणा भट्टीपासून दूर, वाळूच्या ढिगापाशी सुरू होते.

आधी निथळू द्यावी

ओतकामाची पांढरी सिलिका वाळू आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यातून, कासार्डे व फोंडा या परिसरातून येते. ती धुऊन घ्यावी लागते, त्यामुळे ओलीच असते. पावसाळ्यात ट्रकवर व नंतर कारखान्याच्या उघड्या आवारात तिच्यावर पुन्हा पाऊस पडतो. अशा वाळूत दहा टक्के पाणी असेल, तर टनामागे ७५,४०० किलोकॅलरी लागतील. तीच वाळू छपराखाली निथळून चार टक्क्यांवर आली, तर ३९,८०० पुरतील. इंधनाचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि त्यासाठी यंत्राचा एकही भाग बदलावा लागत नाही. मुळशीच्या बाजूस पाऊस मोठा. तेथे पत्र्याच्या छपराचा खर्च इंधनातून भरून निघण्यास फार काळ लागू नये.

छपराबरोबरच ढिगाखाली उतार दिलेली सिमेंटची जमीन व कडेने गटार हवे. ढीग कितीही दिवस ठेवला तरी तळाचा थर ओलाच राहतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वाळूच्या कणांमधील बारीक वाटांत केशाकर्षणाने पाणी धरून ठेवलेले असते आणि खालच्या थरातून ते निघत नाही. लोडरचा चालक मात्र बादली जमिनीलगत घालून नेमका हाच थर उचलतो. तळाचा हातभर थर तसाच सोडून वरची वाळू उचलण्याची सवय लावली, तरी फरक दिसून येतो.

ओल मोजण्यास महागडे साधन लागत नाही. शंभर ग्रॅम वाळू तोलून लोखंडी तव्यावर ढवळत तापवावी. वजन कमी होण्याचे थांबले की पुन्हा तोलावे. ९४ ग्रॅम भरली तर ओल सहा टक्के. हा प्रयोग माध्यमिक शाळेतही सहज करून दाखविता येईल. कारखान्यात तो प्रत्येक पाळीला एकदा करून वहीत नोंदविला पाहिजे.

फिरते पिंप

जुन्या पद्धतीत विटांच्या भट्टीवर जाड पत्रा टाकून त्यावर वाळू पसरीत व फावड्याने परतत असत. खालची वाळू करपे आणि वरची ओली राही. तिच्या जागी आता बहुतेक ठिकाणी फिरते पिंप आले आहे. किंचित कलते असे हे लांब पोलादी पिंप संथपणे फिरते. एका टोकाकडून वाळू जाते व भट्टीचे तप्त वायू तिच्यावरून वाहतात.

या पिंपाचा प्राण त्याच्या आतील उचलपट्ट्यांत आहे. पिंप आतून गुळगुळीत असेल, तर वाळू तळाशी एका गादीसारखी सरकत राहते व तप्त वायू तिला न शिवता वरून निघून जातात. उचलपट्ट्या वाळू वर नेतात व तिचा पडदा खाली सोडतात. प्रत्येक कणाला चहूबाजूंनी उष्णता मिळते. वाळूच्या घर्षणाने या पट्ट्या झिजतात. झीज बाहेरून दिसत नाही, वाळू ओली येऊ लागते आणि चालक ज्योत वाढवितो. अशा वेळी बर्नरवर पैसे घालण्याऐवजी पिंप थांबवून, ते पूर्ण थंड झाल्यावर आत दिवा घालून पाहावे. भट्टीच्या तोंडालगतच्या भागात मात्र पडदा पाडणाऱ्या पट्ट्या नसाव्यात. तेथे वाळू पुढे ढकलणाऱ्या मळसूत्री पट्ट्या पुरेत, नाहीतर वाळू ज्योतीवर पडून ती विझवू पाहते.

ज्योत पिंपात शिरता कामा नये. अग्निरोधक विटांच्या स्वतंत्र कोठडीत इंधन पूर्ण जळावे आणि हवा मिसळून बेताच्या तापमानावर आणलेले वायूच पिंपात जावेत. तसे न झाल्यास वाळूवर काजळी बसते व पुढे राळेला ती नीट धरीत नाही. पिंपरी-चिंचवड भागात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचा नळाने येणारा वायू जेथे पोहोचला आहे, तेथे काजळीचा प्रश्न पुष्कळच सोपा होतो. भट्टी तेलावर चालत असेल तर तेल योग्य तापमानाला आणून बारीक तुषारांत फोडणे याला पर्याय नाही.

पिंपाच्या दोन्ही टोकांना, जेथे फिरता भाग स्थिर भागाला भेटतो, तेथे फट असते. धुराड्याचा पंखा तिच्यातून बाहेरची थंड हवा ओढतो आणि ती फुकट तापविली जाते. पूर्वी येथे अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी भरीत. आरोग्याच्या दृष्टीने ती आता वापरू नये. सिरॅमिक धाग्याची दोरी किंवा एकावर एक बसणाऱ्या पोलादी पात्या हे काम करतात.

वाळू किती तापवावी?

पाणी निघून गेल्यावर वाळूला दिलेली प्रत्येक उष्णता वायाच जाते. वर घेतलेल्या उदाहरणातील वाळू ११० ऐवजी २०० अंशांवर बाहेर पडली, तर टनामागे सुमारे १७,००० किलोकॅलरी, म्हणजे मूळ गरजेच्या एकतृतीयांश, जास्त खर्च होतात. तरीही अनेक ठिकाणी वाळू चटके बसण्याइतकी तापल्यावरच ‘सुकली’ असे समजतात. वाळूच्या तोंडाशी व धुराड्यात एकेक थर्मोकपल बसवून त्यावरून ज्योत कमीजास्त करणे, ही सर्वांत कमी खर्चाची सुधारणा होय. मात्र वाळूचा पुरवठा एकसारखा असेल तरच तिचा उपयोग. कधी घमेलेभर, कधी ढीगभर अशी वाळू पडत राहिली, तर कोणतेच नियंत्रण चालत नाही. त्यासाठी चाळणी, हॉपर व संथ चालणारा पट्टा हवा.

गरम वाळूची आणखी एक अडचण आहे. राळ मिसळण्यापूर्वी ती ३५ ते ४० अंशांपर्यंत थंड करावी लागते; नाहीतर राळ गाभा भरण्यापूर्वीच धरू लागते. थंड करताना वाळूतून जाणारी हवा तापते. ती गाळून बर्नरला दिली, तर वाळूबरोबर बाहेर पडलेल्या उष्णतेतील काही भाग परत मिळतो.

पिंपाऐवजी काही कारखाने तरंगत्या थराचे यंत्र घेतात. छिद्रे असलेल्या तबकडीखालून तप्त हवा सोडली की चुलीवर पेज रटरटावी तशी वाळू हलू लागते व सर्वत्र सारखी तापते. त्यात फिरता भाग नसतो. पण पंख्याला वीज अधिक लागते आणि छिद्रे बुजू नयेत म्हणून लक्ष ठेवावे लागते. लहान ओतशाळेने असलेले पिंप नीट केल्याशिवाय या यंत्राच्या मागे लागू नये, असे आम्हास वाटते.

धूळ

आतापर्यंतचा विषय पैशांचा होता. यापुढील विषय माणसांच्या छातीचा आहे. सिलिका वाळू सुकली की तिची धूळ मोकळी होते. जी धूळ डोळ्यांना दिसते, ती नाकात व घशात अडते. जी दिसत नाही, साधारण दहा मायक्रॉनहून बारीक असते, तिच्यातील सर्वांत सूक्ष्म भाग फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊन तेथेच राहतो. त्यातून सिलिकोसिस होतो. हा विकार वर्षानुवर्षांनी प्रकट होतो व तो बरा करणारे औषध नाही. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकाची श्वासावाटे जाणारी धूळ कर्करोगजनक ठरविली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसचा समावेश अधिसूचित व्याधींत केला आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची परिस्थिती संहितेतही तो आहे.

म्हणून धूळ पकडण्याची व्यवस्था ही यंत्राला मागाहून जोडावयाची वस्तू नव्हे. पिंपातील दाब बाहेरील हवेपेक्षा किंचित कमी राहील असा पंखा निवडला, तर फटींतून धूळ बाहेर न येता हवा आत जाते. फटी बुजविण्याचा दुसरा लाभ येथे मिळतो : पंखा लहान पुरतो. वाळू जेथे पडते, त्या प्रत्येक ठिकाणी झाकण व शोषणनळी हवी. अनेक कारखाने केवळ सायक्लोन बसवून थांबतात. सायक्लोन जड कण पकडतो, धुराडे स्वच्छ दिसू लागते आणि सर्वांचे समाधान होते. पण अपायकारक अशी बारीक धूळ त्यातून निसटते. ती कापडी पिशव्यांच्या गाळकातच अडते. हा गाळक थंड झाला तर वाफेचे पाणी होऊन पिशव्यांवर चिखल बसतो, यास्तव धुराड्याकडे जाणारे वायू दवबिंदूच्या पुरेसे वर ठेवावे लागतात आणि सकाळी यंत्र सुरू करताना वाळू सोडण्यापूर्वी गाळक तापवून घ्यावा लागतो.

अशा कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि कामगारांच्या सुरक्षिततेची देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. तरीही गावच्या पंचायत सदस्यांना कारखान्यात जाण्याचा प्रसंग आला, तर त्यांनी धुराड्यापेक्षा जमिनीकडे पाहावे. खाली पांढरी पूड साचली असेल व ती झाडूने लोटली जात असेल किंवा दाबाच्या हवेने उडविली जात असेल, तर कागदोपत्री गाळक असूनही तो चालत नाही असे समजण्यास हरकत नाही. ही पूड शोषणयंत्राने गोळा करावी किंवा आधी पाणी शिंपडून ओली करावी. गाळकाखाली जमणारी धूळ ओली करून बंद पोत्यांतच बाहेर जावी, आणि ती कोठे जाते याची नोंद मागावी. रस्त्याच्या अथवा शाळेच्या मैदानाच्या भरावासाठी ती फुकट मिळत असली तरी घेऊ नये.