आजीची सुई जाते कुठे?

रोडपालीतल्या तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी ना कुणी इन्सुलिन घेतंच. टोचून झाल्यावर सुई सुक्या कचऱ्यात टाकली, की ती कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या बोटात घुसू शकते. त्यातून हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातली वापरलेली सुई ‘घरगुती घातक कचरा’ ठरवली. ती वेगळीच द्यायची.

मग करायचं काय? सुई वाकवू नका. डिटर्जंटच्या जाड बाटलीत टाका. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने पक्कं करा, वर ठळक ‘सुया’ लिहा. पाण्याची पातळ बाटली नकोच, सुई आरपार जाते.

सोसायटीतल्या बाटल्या एकत्र कुठे द्यायच्या, हे पनवेल महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात एकदा विचारून या. आजीसाठी एवढं जमेल ना?