वॉरंटी संपण्यापूर्वी : गाडीचा वारंवार उद्भवणारा दोष दुरुस्त करून घेण्याची रीत

नवा टेम्पो किंवा कार घेताना आपला व्यापारी किंमत, मासिक हप्ता आणि ॲव्हरेज या तीन गोष्टी बारकाईने पाहतो. वॉरंटीची पुस्तिका मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहते. गाडी बिघडली की तो सर्व्हिस स्टेशन गाठतो, तोंडी तक्रार सांगतो, संध्याकाळी गाडी परत घेतो. आठ-पंधरा दिवसांत तोच दोष पुन्हा उभा राहतो. असे तीन-चार वेळा होते आणि एके दिवशी काउंटरवरून उत्तर मिळते, "तुमची वॉरंटी संपली आहे, आता खर्च तुम्हाला करावा लागेल."

बेकरीचा पाव पोहोचवणारा, बाजार समितीतून फळे उचलणारा किंवा फर्निचर गिऱ्हाइकाच्या घरी नेणारा माणूस अशा वेळी दुहेरी तोट्यात जातो. गाडी उभी, धंदा बंद आणि बँकेचा हप्ता चालू. हा तोटा बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. दोष वॉरंटीच्या मुदतीत आला होता, हे आपल्याला ठाऊक असून भागत नाही. ते कागदावर दिसले पाहिजे.

मुदत नेमकी कधी संपते?

वॉरंटी वर्षे आणि किलोमीटर अशा दोन मापांत दिलेली असते आणि "यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते" अशी अट असते. घरगुती कारची वर्षे आधी संपतात, धंद्याच्या गाडीचे किलोमीटर आधी संपतात. समजा, वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची आहे. टेम्पो रोज १५० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस चालला, तर वर्षाला ४५ हजार किलोमीटर होतात. म्हणजे ३ वर्षांची म्हणवली जाणारी वॉरंटी सव्वादोन वर्षांच्या आतच संपते. म्हणून पुस्तिका उघडून दोन्ही आकडे पाहावेत, आपल्या रोजच्या धावेवरून शेवटची तारीख काढावी आणि दुकानातल्या कॅलेंडरवर तिच्या तीन महिने आधी खूण करावी. किरकोळ वाटणाऱ्या सर्व तक्रारी त्या तीन महिन्यांत नोंदवून घ्याव्यात.

आणखी दोन गोष्टी पुस्तिकेत तपासाव्यात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी साधारणतः ते बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, फिल्टर, वायपर, बल्ब यांसारखे झिजणारे भाग बहुधा वॉरंटीत येत नाहीत. दुसरे असे की, वॉरंटीत बदललेल्या भागाला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही. मूळ गाडीची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच त्याला लागू होते. त्यामुळे "पार्ट नवीन टाकला आहे, आता वर्षभर काळजी नाही" या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

जॉबकार्ड हाच पुरावा

गाडी सर्व्हिस स्टेशनवर दिली की जॉबकार्ड तयार होते. त्यावर तारीख, किलोमीटर आणि ग्राहकाची तक्रार लिहिलेली असते. पुष्कळदा घाईत "जनरल चेकअप" असे लिहून काम उरकले जाते. असे जॉबकार्ड पुढे आपल्या उपयोगाचे राहत नाही. तक्रार आपल्या शब्दांत आणि तपशिलाने लिहून घ्यावी. "गाडी ओढत नाही" एवढे पुरेसे नाही. "इंजिन तापल्यावर, भरलेल्या गाडीला चढावर तिसऱ्या गियरमध्ये ओढ कमी होते, इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गाडी बंद करून चालू केली की दिवा जातो" असे लिहिले तर मिस्त्रीलाही दोष शोधणे सोपे जाते आणि नोंदही पक्की होते.

दुसऱ्यांदा त्याच दोषासाठी गेल्यावर तेच शब्द वापरावेत आणि "याच तक्रारीसाठी अमुक तारखेला गाडी आणली होती" हे वाक्य लिहून घ्यावे. प्रत्येक वेळी वेगळे वर्णन असेल तर कागदावर चार निरनिराळे किरकोळ बिघाड दिसतात. एकच जुना दोष चार वेळा दुरुस्तीला येऊनही गेला नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

गाडी परत घेताना "काम समाधानकारक झाले" या ओळीखाली सही मागितली जाते. दोष चढावर किंवा लांबच्या फेरीत येणारा असेल तर आवारात तो कळणार नाही. अशा वेळी सहीबरोबर "रस्त्यावर चालवून पाहणे बाकी" असा शेरा लिहावा. काम फुकट झाले असले तरी कोणता भाग बदलला याचे शून्य रकमेचे बिल मागून घ्यावे. सर्व कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावावेत आणि मोबाईलवर त्यांचे फोटोही काढून ठेवावेत.

येऊन-जाऊन असणारा दोष कसा पकडावा?

सर्वांत त्रासदायक दोष तो, जो रस्त्यावर येतो आणि सर्व्हिस स्टेशनच्या दारात नाहीसा होतो. यासाठी गाडीत एक छोटी वही ठेवावी. दोष आला की तारीख, किलोमीटर, वेळ, गाडी भरलेली होती की रिकामी, इंजिन गार होते की गरम, वेग किती होता आणि पाऊस होता का, एवढे टिपावे. सुरक्षित जागी थांबून दिव्याचा फोटो किंवा आवाजाचा व्हिडिओ घ्यावा. दहा नोंदी झाल्या की बहुतेकदा दोषाची वेळ आणि कारण यांचा मेळ दिसू लागतो. नंतर वर्क्स मॅनेजरला शेजारी बसवून, तेवढेच वजन भरून, त्याच रस्त्यावर गाडी चालवून दाखवावी आणि या चाचणीची नोंद जॉबकार्डवर करून घ्यावी.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. या गाड्यांतील संगणक दोषाचा कोड साठवून ठेवतो. दोष आला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, तापमान आणि वेग किती होता, हेही त्यात नोंदले जाते. स्कॅनर लावून कोड पुसला की दिवा विझतो, पण ही माहितीदेखील पुसली जाते. दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. म्हणून कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या अहवालाची प्रत मागावी, निदान पडद्याचा फोटो घ्यावा. सर्व्हिस स्टेशनला जाण्यापूर्वी बॅटरीची वायर काढून "रीसेट" करण्याचा सल्लाही ऐकू नये; त्यानेही हा पुरावा जाऊ शकतो.

एक नेहमीचे उदाहरण पाहू. अनेक बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. गाडी सलग वेगात चालली की धुराची उष्णता सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत वाढते आणि साठलेली काजळी जळून जाते. गल्लीबोळांत थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीत ही उष्णता तयार होत नाही. मग फिल्टर भरतो, दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. सर्व्हिस स्टेशनवर स्कॅनरने काजळी जाळून गाडी परत देतात आणि "तुमच्या वापरामुळे झाले" असे सांगतात. हे खरे असू शकते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालवणे हे आपले काम आहे. परंतु तसे करूनही फिल्टर थोड्याच दिवसांत पुन्हा भरत असेल, तर गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, टर्बोतून येणारे ऑइल किंवा बिघडलेला सेन्सर, यांपैकी काही कारण असू शकते. तेव्हा "फिल्टर वारंवार का भरतो, याचे मूळ कारण तपासावे" अशी तक्रार लिहावी. नुसते "फिल्टर साफ करावा" असे लिहिले तर तेवढेच काम होईल.

आपल्याकडून वॉरंटी तुटू देऊ नका

कंपनीला नकार देण्याचे कारण पुष्कळदा आपणच पुरवतो. ठरलेली सर्व्हिसिंग चुकवणे, बाहेर वायरिंग कापून मोठा हॉर्न किंवा दिवे बसवणे, अनधिकृत गॅस किट लावणे, जास्त माल भरता यावा म्हणून कमानीत जादा पाटा टाकणे, ही नेहमीची उदाहरणे आहेत. मर्यादेपेक्षा अधिक माल भरल्याची नोंद सापडली तर क्लच, एक्सल आणि कमानीबद्दलची तक्रार तिथेच दुबळी होते. ओळखीच्या मिस्त्रीवर आपला विश्वास असतो आणि तो योग्यही असेल, परंतु वॉरंटी चालू असताना त्याला दोष फक्त ऐकवावा, इंजिन उघडू देऊ नये. त्याचे मत घेऊन सर्व्हिस स्टेशनवर नेमके प्रश्न विचारावेत.

तोंडी बोलणे पुरे, आता लेखी

एकाच दोषासाठी दोन वेळा गाडी देऊनही फरक पडला नाही, तर तिसऱ्या वेळी लेखी पत्र द्यावे. नमुना पुढीलप्रमाणे :

"माझी गाडी क्र. ....., चॅसिस क्र. ....., खरेदी दि. ...... या गाडीत पुढील दोष वारंवार येत आहे : ...... यासाठी गाडी दि. ..... (..... कि.मी.) व दि. ..... (..... कि.मी.) रोजी आपल्याकडे दिली होती. जॉबकार्डच्या प्रती जोडल्या आहेत. दोष कायम आहे. वॉरंटी दि. ..... रोजी अथवा ..... कि.मी.वर संपत आहे. हा दोष मुदतीत नोंदवलेला असल्याने मूळ कारण शोधून विनामूल्य दुरुस्ती करावी व कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडून गाडी तपासून घ्यावी. केलेल्या कामाचा तपशील लेखी द्यावा."

एक प्रत वर्क्स मॅनेजरला देऊन पोच घ्यावी, दुसरी कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेलने किंवा स्पीड पोस्टने पाठवावी. हे पत्र मुदत संपण्याआधी पोहोचणे महत्त्वाचे आहे. विक्रेता आणि कंपनी या दोन वेगळ्या संस्था असतात. विक्रेत्याला सांगितलेली तक्रार कंपनीपर्यंत गेलीच असेल, असे गृहीत धरू नये.

याच वेळी चॅसिस क्रमांक सांगून आपल्या गाडीसाठी रिकॉल निघाला आहे का, हे विचारावे. १ एप्रिल २०२१ पासून मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद लागू झाली आहे. सुरक्षितता किंवा पर्यावरणाला बाधा आणणारा दोष अनेक गाड्यांत आढळला, तर सरकार कंपनीला तसा आदेश देऊ शकते.

तरीही दाद मिळाली नाही तर

प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतही बोलता येते. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मालासाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

येथे व्यापाऱ्यांनी एक अडचण आधीच ओळखावी. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्यात "ग्राहक" धरला जात नाही. मात्र स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच वस्तू घेतली असेल, तर तो ग्राहक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ मध्ये हे स्पष्ट केले. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा, स्वतः काम करण्यासाठी लेथ मशीन घेणारा ग्राहकच आहे. घरच्यांची किंवा एक-दोन मदतनिसांची मदत घेतली म्हणून तो हक्क जात नाही. पण गाडी पूर्णपणे नोकरांकरवीच चालवली जात असेल, तर हा मार्ग बंद होऊ शकतो आणि दिवाणी न्यायालयात जावे लागते. म्हणून अर्जात ही गाडी आपल्या उपजीविकेचे साधन आहे आणि ती कोण चालवतो, हे स्पष्ट लिहावे.

मागणीही बेताने करावी. रागाच्या भरात "गाडी बदलून द्या" असे सर्वच म्हणतात. मारुती उद्योगच्या एका गाडीच्या क्लचसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की, वॉरंटीची अट दुरुस्तीची किंवा सदोष भाग बदलण्याची असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश देता येत नाही. गाडीत मुळातच उत्पादनदोष आहे असे म्हणायचे असेल, तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो. त्यामुळे सदोष भाग बदलणे, दुरुस्तीचा झालेला खर्च आणि गाडी उभी राहिल्याची भरपाई, अशी मागणी अधिक टिकाऊ असते. गाडी किती दिवस उभी होती आणि भाड्याच्या वाहनावर किती खर्च झाला, याच्या पावत्या त्यासाठी जपून ठेवाव्यात.

हीच रीत शिलाई मशीन, ओव्हन, कटिंग मशीन किंवा जनरेटरलाही लागू पडते. खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, प्रत्येक तक्रारीची तारीख आणि पोच हे चार कागद ज्याच्याकडे आहेत, त्याला काउंटरवर आवाज चढवावा लागत नाही. ज्यांच्या गाडीची मुदत येत्या दोन-तीन महिन्यांत संपत असेल, त्यांनी आजच पुस्तिका काढून तारीख पाहावी आणि राहिलेली तक्रार याच आठवड्यात जॉबकार्डवर चढवून घ्यावी.