कुतचा वेढा: आपली पोरं इराकात का मेली?

पहिलं महायुद्ध युरोपातल्या एका खुनावरून पेटलं, एवढंच आपण शाळेत वाचतो. मग १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी इराकात काय करत होत्या? मोठं कारण, तेल. ब्रिटिश नौदलाला लागणारं तेल शेजारच्या इराणातून यायचं. ते राखायला १९१४ मध्ये बसरा घेतलं, मग बगदादचा मोह सुटेना. तिथून मागे रेटलेली सहावी पुणे डिव्हिजन कुतमध्ये अडकली. जवळजवळ पाच महिने वेढा. शेवटी घोड्याचं मांस आलं. धर्मामुळे अनेक भारतीय शिपायांनी ते बरेच दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यातले हजारो पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले.

माजलगावच्या पंपावर पेट्रोल भरताना मला हेच आठवतं. युद्धाची बातमी ऐकली की दोन प्रश्न विचारा: फायदा कुणाचा, आणि पोरं कुणाची?