जुन्या ट्रॅक्टरचे दिवे का लुकलुकतात?



उसाची वाहतूक म्हणा, मळणी म्हणा, नाहीतर पहाटेचा बाजार म्हणा, ट्रॅक्टरला आता रात्रीचेही काम पडते. गावोगावी बी-२७५, झेटर २५११, मॅसी १०३५ अशी जुनी यंत्रे अजून राबताना दिसतात. इंजिन ठणठणीत, पण पुढचे दिवे लुकलुकतात. "चालतंय की," म्हणून ट्रॅक्टर तसाच रस्त्यावर काढला जातो.

हे बरे नव्हे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकतो. दिवा दोनच सेकंद गेला, तरी ११ मीटर वाट अंधारात काटली जाते. तेवढ्यात पुढे बैलगाडी असू शकते, सायकलवाला असू शकतो. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यालाही आपला अंदाज येत नाही. दुसरा धोका आगीचा. जोड सैल असला की तिथे ठिणगी पडते, वायर तापते. शेजारी पाचट किंवा कडबा असेल तर पुढचे सांगायला नको.

दिवे लुकलुकले की बहुतेकजण आधी बल्ब बदलतात, मग बॅटरी बदलतात. दोन्हीचे पैसे जातात आणि लुकलुक तशीच राहते. कारण पुष्कळ वेळा दोष विजेच्या वाटेत असतो.

वीज कशी फिरते?

मोटेचे बैल धावेवरून खाली गेले आणि परत वर आले, तरच मोट चालते. विजेचेही तसेच आहे. ती बॅटरीतून निघते, स्विचमधून वायरीने दिव्यात जाते आणि ट्रॅक्टरच्या लोखंडी बॉडीतून परत बॅटरीकडे येते. या परतीच्या वाटेला आपण अर्थ म्हणतो. जाण्याची वायर डोळ्यांना दिसते, म्हणून ती सगळे तपासतात. परतीच्या वाटेकडे कोणी बघत नाही. नेमकी तिथेच गंज, चिखल आणि रंग साचतो.

वाट थोडी जरी अडली, तरी उजेड फार घटतो. बल्बला मिळणारा दाब दहा टक्के कमी झाला, तर उजेड साधारण तीस टक्के कमी होतो. म्हणून मंद दिव्याचे कारणही बऱ्याचदा हेच असते.

लुकलुक कशी आहे, ते आधी बघा

पाना हातात घेण्यापूर्वी अंधारात ट्रॅक्टर भिंतीसमोर उभा करा. ब्रेक लावा, गिअर काढा आणि नीट निरखा.

१) एकच दिवा लुकलुकतो : दोष त्याच दिव्याजवळ आहे. बल्बचा होल्डर, मागची पिन किंवा त्या दिव्याची अर्थ तपासा.

२) खड्ड्यात दोन्ही दिवे एकदम उघडझाप करतात : दोष दोघांच्या सामाईक वाटेत आहे. बॅटरीची टर्मिनल, बॉडीला जाणारी जाड अर्थपट्टी, दिव्याचा स्विच किंवा फ्यूज यांपैकी काहीतरी सैल आहे.

३) इंजिन हळू असताना मंद, वाढवल्यावर तेज : जुन्या डायनॅमोच्या ट्रॅक्टरला हे थोडेफार व्हायचेच, कारण हळू फिरताना डायनॅमो फारशी वीज देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो. फरक फार मोठा असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा पट्टा सैल आहे.

४) इंजिन वाढवताच दिवे डोळे दिपवतात, बल्ब वारंवार उडतात : रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीचे पाणीही लवकर आटत असेल. हे काम ऑटो-इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे.

५) ट्रॉली जोडली की लुकलुक सुरू होते : ट्रॉलीची वायर कुठेतरी सोलून लोखंडाला घासते आहे. तिचा प्लग काढून बघा. दिवे स्थिर झाले तर खात्री पटली.

आता तपासणी

इंजिन बंद ठेवून दिवे लावा. एकाने दिव्याकडे बघावे, दुसऱ्याने बॅटरीपासून सुरुवात करून एकेक जोड हाताने हलवावा. ज्या जोडाशी दिवा फडफडेल, तिथे दोष. स्विच किंवा एखादा जोड हाताला गरम लागला, तर तोही दोषी समजावा. बॅटरीपाशी विडी-काडी मुळीच नको. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. हातातली अंगठी, कडे काढून ठेवा.

जोड हलवूनही काही कळले नाही, तर अर्थची परीक्षा करा. बॅटरीचे कोणते टर्मिनल बॉडीला जोडले आहे ते आधी पाहा. आज बहुतेक ठिकाणी उणे टोक जोडलेले असते, पण फार जुन्या काही ट्रॅक्टरला अधिक टोक बॉडीला असते. एक लांब जाड वायर घ्या. तिचे एक टोक बॉडीला जोडलेल्या त्याच टर्मिनलवर धरा, दुसरे दिव्याच्या अर्थच्या जागी टेकवा. दिवा लगेच तेज आणि स्थिर झाला, तर परतीची वाट खराब आहे हे नक्की. चुकून दुसऱ्या टर्मिनलला वायर लावू नका. मोठी ठिणगी उडेल.

गावात कोणाकडे मल्टिमीटर असेल तर अधिक चांगले. दिवा चालू ठेवून याच दोन जागांमधला दाब मोजावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त भरला, तर अर्थ साफ करायला झाली. मग इंजिन मध्यम वेगात चालवून बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधला दाब मोजा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट ठीक. त्याच्या बराच खाली असेल तर पट्टा आणि डायनॅमो बघावा. पंधराच्या वर असेल तर रेग्युलेटर.

दुरुस्ती

बॅटरी सोडताना अर्थची वायर आधी काढावी आणि जोडताना शेवटी जोडावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. टर्मिनल पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा.

अर्थचा बोल्ट सोडून खालचा गंज आणि रंग खरवडा, लोखंड चकाकले पाहिजे. बरं का, हौसेने ट्रॅक्टर नवा रंगवून घेतल्यावर दिवे बिघडतात, ते याच रंगामुळे! दिव्यापासून चेसिसपर्यंत वेगळी अर्थची वायर टाकली, तर पत्र्यांच्या जोडांवर अवलंबून राहावे लागत नाही. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा.

हे मात्र करू नका

फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालू नका. फ्यूज उडणे ही धोक्याची सूचना आहे. उजेड वाढावा म्हणून मोठे बल्बही बसवू नका. ४५ वॅटचे दोन दिवे साडेसात अँपिअर घेतात. १०० वॅटचे दोन त्याच्या दुपटीहून जास्त. जुना स्विच आणि वायर तेवढा भार पेलत नाहीत, जळतात. तसेच चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची सवय सोडा. दाब एकदम वाढून बल्ब उडतात आणि आल्टरनेटर असेल तर तोही जातो.

ध्यानात ठेवा

• आधी लुकलुकीची तऱ्हा बघा, मग पाना उचला.
• अर्थ आणि टर्मिनल साफ केल्याशिवाय बल्ब-बॅटरी विकत घेऊ नका.
• हंगामापूर्वी एकदा सगळे जोड तपासा आणि ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक लावा.
• दिवे स्थिर होईपर्यंत रात्री ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका. खेप एक दिवस उशिरा गेली तरी चालेल, माणूस घरी आला पाहिजे.