खर्च किती? आधी प्रश्न सांगा

गावाकडची एसटीची फेरी बंद होते तेव्हा आगारातून मिळणारे उत्तर ठरलेले असते: फेरी तोट्यात होती. उत्तरात आकडा असतो, म्हणून सरपंचापासून विद्यार्थ्यांच्या पालकांपर्यंत सगळे तिथेच गप्प होतात. आकड्याशी कसे भांडणार? माझे म्हणणे असे, की भांडावे. आकडा खोटा असतो असे नाही. तो बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. एका फेरीला, एका फुलदाणीला किंवा एका मोटारीला खर्च किती येतो, याचे एकच एक उत्तर कुठल्याही वहीत लिहिलेले नसते. भाडे ठरवायचे असेल तर एक उत्तर, फेरी ठेवायची की काढायची हे ठरवायचे असेल तर दुसरे, आगारप्रमुखाचे काम तपासायचे असेल तर तिसरे. वर्षाअखेरचा ताळेबंद भागधारकांसाठी, बँकेसाठी आणि कर खात्यासाठी असतो. त्याचे नियम बाहेरून ठरलेले असतात आणि तो सरलेल्या वर्षाविषयी बोलतो. व्यवस्थापकाला उद्याचे ठरवायचे असते. त्यासाठी जो हिशेब मांडावा लागतो त्याला व्यवस्थापकीय लेखांकन म्हणतात. वाणिज्य शाखेबाहेर हे नाव फारसे कोणी घेत नाही, पण कोणत्या गावाला बस जाईल आणि बँकेची कोणती शाखा बंद होईल, हे बऱ्याच अंशी याच हिशेबावर ठरते.

ही गोष्ट किती जुनी आहे ते पाहायचे तर अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावे लागते. जोसाया वेजवुड हा स्टॅफर्डशायरमधला कुंभार घराण्यातला कारखानदार. पुढे चार्ल्स डार्विन झाला तो त्याचा नातू. 1769 मध्ये त्याने इट्रुरिया नावाचा कारखाना सुरू केला. भागीदार थॉमस बेंटली लंडनची बाजू सांभाळत असे. शोभेच्या फुलदाण्यांचे उमराव घराण्यांना वेड लागले होते आणि माल हातोहात खपत होता, तोवर एका फुलदाणीला नेमका किती खर्च येतो हे बारकाईने पाहण्याची वेळच आली नव्हती. मग 1772 च्या जूनमध्ये अलेक्झांडर फोर्डाईस हा लंडनचा सावकार देणी बुडवून फ्रान्सला पळाला, त्याची पेढी कोसळली आणि पाठोपाठ इतर पेढ्या अडचणीत आल्या. बाजारातली उधारी आटली, मागणी घसरली, वेजवुडच्या गोदामात माल साचला. तेव्हा तो वह्या उघडून बसला. माती, मजुरी, साचे, भाडे, गोदाम, फुटतूट, कारकुनांचे पगार असे एकेक कलम त्याने वेगळे काढले आणि त्याला एक गोष्ट दिसली. साचे बनवण्याचा खर्च, भाडे, कारकुनांचे पगार हे सगळे माल थोडा काढला काय आणि पुष्कळ काढला काय, जवळजवळ तेवढेच राहत होते. म्हणजे तेच साचे वापरून जितके जास्त नग काढावेत, तितका एका नगावर पडणारा हा भार कमी. त्यातून त्याने धोरण ठरवले: उमरावांची हौस फिटली असेल तर किंमत उतरवून मध्यमवर्गाच्या घरात शिरायचे. याच तपासणीत हिशेबातले गोलमालही बाहेर आले. त्याचा मुख्य कारकूनच पैसे खात होता. नील मॅकेंड्रिक या इतिहासकाराने वेजवुडच्या कागदपत्रांवरून ही हकिकत 1970 मध्ये सविस्तर मांडली. तिचे महत्त्व असे, की पुढच्या उत्पादनाचे नियोजन, माणसांच्या कामावरचे नियंत्रण आणि किमतीचा निर्णय ही तिन्ही कामे एकाच वह्यांमधून झाली, पण प्रत्येक कामासाठी कलमांची जुळणी त्याला वेगळी करावी लागली.

आता एसटीकडे वळू. 1 जून 1948 रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर अशी पहिली गाडी धावली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या ग्रामीण जीवनाचा निम्मा गाडा याच बसवर चालला आहे. समजुतीसाठी काही आकडे कल्पू. तालुक्याहून एका आडगावाला जाऊन येणारी फेरी, एकूण 80 किलोमीटर. महामंडळाचा सगळा खर्च सगळ्या किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला 60 रुपये पडतात असे धरू. फेरीचा खर्च झाला 4,800. उत्पन्न 3,000. तक्त्यात 1,800 रुपयांचा तोटा लाल शाईत उमटतो आणि कोणालाही वाटते, ही फेरी बंद केली की रोजचे 1,800 वाचतील. पण फेरी बंद केल्यावर नक्की काय थांबेल? लिटरला 4 किलोमीटर धरले तर 20 लिटर डिझेल, 90 रुपये दराने 1,800 रुपये. टायर, ऑइल, सुटे भाग यांची झीज किलोमीटरला 5 रुपये, म्हणजे 400. एकूण 2,200. चालक आणि वाहक महिन्याच्या पगारावर आहेत, गाडी आधीच घेतलेली आहे, विभागीय कार्यालयाचे वीजबिल या फेरीवर अवलंबून नाही. हे सगळे खर्च फेरी थांबली तरी चालूच राहतील आणि उरलेल्या फेऱ्यांच्या अंगावर जातील. म्हणजे बंद केल्याने 2,200 वाचतात आणि 3,000 जातात. तोटा रोज 800 रुपयांनी वाढतो. शिवाय वाटणी नव्याने झाल्यावर आणखी एक फेरी तोट्यात दिसू लागते, मग तिच्यावर कुऱ्हाड, मग पुढचीवर.

उत्पन्नाच्या बाजूलाही तितकेच बारकाईने पाहिले पाहिजे. अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींचा प्रवास मोफत आहे, 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते. ती भरपाई फेरीच्या खात्यावर न धरता केवळ वाहकाने जमा केलेली रोकड मोजली, तर जी गाडी सकाळी मुलींनी खच्चून भरलेली असते तीच कागदावर सर्वांत दरिद्री ठरेल. तसेच, आडगावातून तालुक्याला आलेला माणूस तिथून पुण्याची किंवा मुंबईची गाडी पकडतो. त्या तिकिटाचे श्रेय लांब पल्ल्याच्या फेरीला मिळते. पहिली गाडी नसती तर तो कदाचित वडाप पकडून परस्पर गेला असता, आणि महामंडळाचे दोन्ही प्रवास बुडाले असते.

यावर लेखा विभागातला जाणता माणूस लगेच विचारील, आणि त्याने विचारावेच: प्रत्येक फेरीने फक्त डिझेल भरून काढायचे ठरवले, तर पगार कोण देणार, नव्या गाड्या कशातून येणार? आक्षेप खरा आहे. सगळ्याच फेऱ्या 2,200 च्या वर थोड्याशा कमावणाऱ्या असतील तर महामंडळ बुडेल. म्हणूनच भाडेदर ठरवताना, सरकारकडे अनुदान मागताना, पुढच्या पाच वर्षांत किती गाड्या घ्यायच्या हे ठरवताना 60 रुपयांचाच आकडा धरला पाहिजे, तिथे 27.50 रुपये धरणे आत्मघात ठरेल. फरक मुदतीचा आहे. आज रात्रीची फेरी काढायची तर पगार टळत नाही. पण गाडी मोडीत निघाली, चालक निवृत्त झाला आणि त्यांच्या जागी नवे घ्यायचे की नाही असा प्रश्न आला, की तोच पगार आणि तीच गाडी टाळता येणारे खर्च होतात. आणखी एक गणित असते. तीच गाडी, तेच कर्मचारी त्याच वेळेत दुसऱ्या मार्गावर सगळे डिझेल आणि झीज वजा जाता 1,500 रुपये मिळवू शकत असतील, तर आडगावची फेरी 800 मिळवते म्हणून ठेवणे म्हणजे 700 सोडून देणे. सार्वजनिक सेवेचे कर्तव्य म्हणून ते सोडायचे, असा निर्णय महामंडळ घेऊ शकते आणि पुष्कळदा घ्यायलाच हवा. पण तो 700 चा निर्णय आहे, 1,800 चा नाही, हे लोकांसमोर यायला हवे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. प्रश्न बदलला की आकडा बदलत असेल, तर ज्याला फेरी बंदच करायची आहे तो सोयीचा आकडा पुढे करणार नाही का? करेल. पण यावर सगळीकडे एकच आकडा लादणे हा उपाय होऊ शकत नाही, कारण त्या एका आकड्याचे काय होते हे विसाव्या शतकाने दाखवले आहे. थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी अभ्यासकांनी 1987 च्या ‘रेलेव्हन्स लॉस्ट’ या पुस्तकात हेच मांडले, की बाहेरच्यांसाठी केलेला ताळेबंदाचा हिशेब कंपन्यांनी आतल्या निर्णयांसाठीही वापरला, आणि कोणता माल खरोखर किती महाग पडतो हे त्यांना कळेनासे झाले. लबाडीला आळा घालायचा तर आकड्यासोबत तीन गोष्टी लेखी असाव्यात: कोणता निर्णय घ्यायचा आहे, किती मुदतीसाठी, आणि कोणते खर्च त्या निर्णयाने थांबतील असे गृहीत धरले आहे. सहा महिन्यांनी ते खर्च खरोखर थांबले का, हे तपासता येते. लेखी गृहीतकाला जाब विचारता येतो, नुसत्या ‘तोटा’ या शेऱ्याला नाही.

नियंत्रणाच्या कामात हीच गफलत वेगळ्या रूपात होते. एका आगाराने महिन्याला 3 लाख किलोमीटर धावायचे, लिटरला 4 किलोमीटर, म्हणून 75,000 लिटर डिझेल असे अंदाजपत्रक धरले. जत्रेच्या जादा गाड्या सुटल्या, गाड्या 3 लाख 40 हजार किलोमीटर धावल्या आणि डिझेल लागले 83,000 लिटर. अंदाजपत्रकाच्या जुन्या रकान्याशी ताडून पाहिले तर 8,000 लिटर जास्त, आगारप्रमुखाला नोटीस. पण जेवढे धावले तेवढ्याला 85,000 लिटर मान्य होते. म्हणजे आगाराने 2,000 लिटर वाचवले. प्रत्यक्ष कामाच्या प्रमाणात अंदाज पुन्हा मांडून मगच तुलना करायची, ही अगदी साधी शिस्त पाळली नाही तर चांगल्या माणसाला शिक्षा होते आणि पुढच्या महिन्यात तो जत्रेला जादा गाडी सोडत नाही. आकडा माणसाच्या वागण्याला वळण लावतो, कधी वाईटही. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने कर्मचाऱ्यांना नवी खाती विकण्याची अशी लक्ष्ये दिली, की त्यांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला 18.5 कोटी डॉलर दंड झाला, सुमारे 5,300 जणांना कामावरून काढल्याचे तिने कबूल केले. लक्ष्याचा रकाना तोवर उत्तम भरत होता.

मग आकड्यांवर विश्वास ठेवावा कशाला, असे कोणी म्हणेल. जनरल मोटर्सचे उदाहरण इथे उपयोगी पडते. आल्फ्रेड स्लोन 1923 मध्ये तिचा अध्यक्ष झाला. पुढच्या वर्षी विभाग आपापले उत्पादन आत्मविश्वासाने चालवत होते, कारण माल कारखान्यातून विक्रेत्याकडे गेला की त्यांच्या हिशेबात तो विकलाच गेला होता. स्लोन सेंट लुइस, कॅन्सस सिटी आणि लॉस एंजेलिसला स्वतः गेला, विक्रेत्यांच्या आवारातल्या गाड्या त्याने डोळ्यांनी मोजल्या आणि त्याला कळले, की त्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलेल्याच नाहीत. त्याने उत्पादन ताबडतोब कमी करायला लावले. नंतरचे पाऊल अधिक मोलाचे होते: डोनल्डसन ब्राउन या वित्ताधिकाऱ्याच्या साथीने कंपनीने विक्रेत्यांकडून दर दहा दिवसांनी प्रत्यक्ष विक्रीचे अहवाल घेणे पक्के केले आणि पुढच्या उत्पादनाचे नियोजन त्यांवर बसवले. कारखान्यातून किती माल गेला, हा विभागाचा प्रश्न होता. गिऱ्हाइकाने किती घेतला, हा नियोजनाचा प्रश्न. चुकीचा हिशेब दिसल्यावर स्लोनने हिशेब टाकून दिला नाही, नवा प्रश्न विचारणारा हिशेब उभा केला.

एसटीला तर हे काम आता पुन्हा करावेच लागणार आहे. महामंडळ भाडेतत्त्वावर विजेच्या बस घेत आहे. अशा करारात गाडी आणि चालक कंत्राटदाराचे असतात आणि त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर द्यावा लागतो. जी गाडी आणि जो पगार काल स्थिर खर्च होता, तो आज किलोमीटरबरोबर चढ-उतार होणारा झाला. अशा करारांत बहुधा किमान किलोमीटरची हमीही असते. हमीइतके किलोमीटर पुरे होत नसतील, तर कंत्राटदाराचे पैसे तसेही द्यायचेच आहेत. मग आडगावच्या फेरीचा जादा खर्च जवळजवळ वाहकाच्या जादा भत्त्यापुरता आणि विजेपुरता, तीही महामंडळाकडे असेल तर. हमीच्या पुढे गेले, की त्याच फेरीच्या प्रत्येक किलोमीटरला करारात ठरलेला दर मोजावा लागणार. त्याच रस्त्यावरची, तेवढ्याच प्रवाशांची फेरी महिन्याच्या विसाव्या दिवशी ठेवण्याजोगी असू शकते आणि अठ्ठाविसाव्या दिवशी नसू शकते. डिझेलच्या काळातला 60 रुपयांचा सरसकट दर घेऊन यातले काहीच ठरवता येणार नाही. करारातले हमीचे कलम, त्या दिवसापर्यंत धावलेले किलोमीटर आणि फेरीचे भरपाईसह उत्पन्न हे तिन्ही आगारप्रमुखाच्या टेबलावर एका कागदावर यावे लागतील.